वरातीमागून चाळीस घोडे

माझी पहिली होडी मी इंजिन बघून घेतली. १४ फुटी, फायबरची, उघडी होडी आणि मागे हँडलवाला ६० हॉर्सपॉवरचा आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन. काळाभोर, पॉलिश मारलेला. विकणाऱ्याने बटण दाबलं, इंजिन एका झटक्यात चालू झालं आणि मी तिथेच विरघळलो. होडीकडे पाहिलंच नाही असं नाही. पाहिलं, पण बेरीज आधीच ठरवून मग पावत्या चाळाव्यात तसं. मी पोटापाण्यासाठी लोकांचे हिशेब लिहितो, तेव्हा ही लबाडी मला ओळखता यायला हवी होती.

एका मोसमानंतर मागच्या फळीच्या कोपऱ्यात, जिथे ती काठाला मिळते तिथे, केसाएवढी भेग दिसली. रंग तडकला असेल म्हणून सोडून दिली. दुसऱ्या मोसमात लाटेवर आदळलो की इंजिन मान डोलवायला लागलं. मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी वरचा एक बोल्ट काढला. भोकातून आधी तपकिरी पाणी आलं आणि मग ओला भुसा. ते करंगळीने कोरत राहिले आणि भुसा येत राहिला.

"अहो, ही फळी नाही, कुंडी आहे. यात रोप लावा," एवढंच म्हणाले.

तोवर मला वाटायचं, फायबरची होडी म्हणजे सगळी फायबरची. प्रत्यक्षात बहुतेक जुन्या होड्यांच्या ट्रान्सममध्ये, म्हणजे इंजिन टांगायच्या मागच्या फळीत, फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये प्लायवूड भरलेलं असतं. फायबर कुजत नाही, प्लाय कुजतं. कोणीतरी शिडी बसवतो, कोणी फिश-फाइंडरचा, म्हणजे मासे शोधायच्या यंत्राचा, सेन्सर लावतो, दोन स्क्रू पिळतो आणि भोकात सीलंट भरायचं विसरतो. पाणी तिथून आत जातं आणि वर्षानुवर्षं आतच राहतं. बाहेरून सगळं चकचकीत.

मिस्त्रींनी मला अजून एक गोष्ट दाखवली. होडीच्या आतल्या बाजूला चार रिव्हेटांची भोकं होती, मधे फिकट चौकोन. "इथे पाटी होती. किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर. कोणीतरी काढून टाकली." का काढली असेल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पाटी नसली तरी अंदाज काढता येतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं २० फुटांखालच्या होड्यांसाठी एक सरळ सूत्र आहे. होडीची लांबी फुटांत, गुणिले ट्रान्समची रुंदी फुटांत. हा गुणाकार ५२.५ च्या वर असेल, स्टिअरिंग चाकाचं असेल आणि ट्रान्सम किमान २० इंच उंच असेल, तर त्याची दुप्पट करून ९० वजा करायचे. हँडलने चालवायची होडी असेल तर गुणाकाराला ०.८ ने गुणून २५ वजा (तळ अगदी सपाट असेल तर त्याहूनही कमी). येईल ते उत्तर पुढच्या पाचाच्या पटीत न्यायला मुभा. माझी होडी १४ बाय ५, म्हणजे ७०. हँडलवाली. ५६ वजा २५, उत्तर ३१, फार तर ३५. मी तिच्यावर ६० टांगलं होतं. चाक असतं तरी ५० च्या वर जाता आलं नसतं. फळी कुजलेली होतीच, वरून मी तिला दुपटीच्या आसपास ओढ लावत होतो.

ती होडी मी शेवटी कोणाला विकली नाही. इंजिन विकलं, होडी मिस्त्रींच्या अंगणात पडून आहे.

दुसऱ्या होडीच्या वेळी मी वही केली. मेव्हणा हसला. "दाजी, होडी घ्यायचीय का ऑडिट करायचंय?" तो माझ्यासोबत गळ टाकायला येतो, बारा वर्षांनी लहान आहे आणि कुठल्याही इंजिनाचा आवाज ऐकला की त्याचे डोळे लकाकतात. म्हणून नियम केला: आधी होडी ठरवायची, रिकामी मिळाली तर उत्तमच, आणि ती पाण्यावर कशी बसते ते पाहून मग इंजिन. वरातीमागून घोडं म्हणतात तेच, पण मुद्दाम.

वहीच्या पहिल्या पानावर आम्हाला नेमकं काय करायचंय ते लिहिलं. तीन माणसं. खाडीच्या तोंडापासून पाच-सहा किलोमीटर बाहेर, नांगर टाकून गळाची मासेमारी. दुपारी वारा चढला की आखूड, टोकदार लाटांवरून परत यायचं. या चार ओळींनी निम्म्या होड्या न बघताच बाद झाल्या.

सगळ्यात जास्त वाद तळाच्या आकारावर झाला. सपाट तळाची होडी थोड्या ताकदीतही उचलते आणि पाण्यावर घसरायला लागते. उभी असताना एका बाजूला दोघं वाकले तरी कलंडत नाही. पण लाटेवर ती पाठीचे मणके मोजते. खोल 'व्ही' आकाराची होडी लाट कापते, मऊ चालते, पण नांगरावर असताना डुलते आणि त्याच वेगासाठी जास्त हॉर्सपॉवर मागते. मेव्हणा 'व्ही'च्या बाजूने. १९६० सालच्या मायामी ते नासाउ शर्यतीत 'मॉपी' नावाच्या खोल 'व्ही' बोटीने खवळलेल्या समुद्रात बाकीच्यांना मागे टाकलं, हे तो दर वेळी ऐकवतो. त्या बोटीच्या तळाचा आराखडा रे हंट यांचा. पण त्याच हंट यांनी त्याआधी, १९५८ मध्ये बाजारात आलेल्या १३ फुटी बोस्टन व्हेलरच्या तळावरही काम केलं होतं, आणि ती होडी तर रुंद, पसरट, काठावर उभं राहिलं तरी न कलंडणारी. म्हणजे स्वतः हंटसुद्धा एकाच आकारावर अडून बसले नव्हते. मेव्हण्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग मधलं काहीतरी बघू." बघितलं. ट्रान्समपाशी १२ ते १५ अंशांचा उतार असलेल्या होड्या. फोनमधलं लेव्हलचं ॲप तळाला टेकवलं की अंश कळतात. त्यासाठी तळाखाली आडवं व्हावं लागतं आणि एका ठिकाणी माझ्या अंगावर खेकडा चढला, तो भाग वेगळा.

सहा महिन्यांत अकरा होड्या पाहिल्या. त्यातल्या बहुतेकांची गोष्ट एका ओळीत संपते. दोन होड्यांचा मधला तळवा, म्हणजे आत उभं राहायची जमीन, पाय दिला की दबत होता, म्हणजे खालची प्लाय गेली. एकीच्या तळाला, ट्रान्समच्या जरा पुढे, लांब पट्टी लावली तर मधे बोटभर फट पडत होती. चुकीच्या आधारावर वर्षानुवर्षं ठेवली की तळ असा आत दबतो, आणि मग कितीही इंजिन लावा, होडी नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली धरून पाणी ढकलत बसते. एक अॅल्युमिनियमची होती, वजनाला फार गोड, पण प्रत्येक स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमलेली. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की अॅल्युमिनियम स्वतःला खाऊ घालतं.

चौथ्या होडीने मात्र नवीन काहीतरी शिकवलं. दिसायला निर्दोष. ट्रान्सम खणखणीत. मालकाकडे कंपनीचं जुनं पत्रक होतं, त्यात रिकामं वजन ३२० किलो. ट्रेलर जवळच्याच वजनकाट्यावर नेऊ द्यायला तो तयार झाला, हा त्याचा चांगुलपणा. आधी होडीसकट, मग नुसता ट्रेलर. वजाबाकी ४५० च्या वर गेली. इंजिन नाही, टाकी रिकामी, नांगरसुद्धा काढलेला. वरचे १३० किलो कुठून आले? तळव्याखाली तरंगण्यासाठी भरलेल्या फोममधून. तो फोम पाणी पीत नाही असं म्हणतात, पण पंधरा-वीस वर्षं पाण्यात बसवला की पितो, आणि एकदा प्यायला की वाळत नाही. म्हणजे दोन धडधाकट माणसं कायमची होडीत बसवून फिरायचं, आणि ती मासेही पकडणार नाहीत. मालकाला हे माहीत नव्हतं असं मला खरंच वाटतं. त्याचा चेहरा आमच्यापेक्षा जास्त पडला होता.

सातवी होडी १६ फुटी. मागे इंजिन नाही, आतमध्ये सुकलेली पानं, रंग उडालेला. मेव्हणा गाडीतून उतरलाच नाही. मी जाड नाणं काढलं.

नाण्याची तऱ्हा अशी. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून सुरुवात करायची आणि चार-चार बोटांवर टकटक करत खाली यायचं. ओळीने, शेतात पेरत जावं तसं. भक्कम फळी 'टण्' म्हणते, आवाज नाण्याला परत ढकलतो. कुजलेली 'थप्' म्हणते आणि नाणं हातातच मरतं. महत्त्वाचं म्हणजे एका जागचा आवाज ऐकून काही कळत नाही, आवाज बदलतो कुठे ते ऐकायचं. या होडीच्या डाव्या बाजूला, खालून एक वीत वर, आवाज बदलला. परत वर गेलो, परत आलो. तिथेच. पेन्सिलने खूण करत गेलो तर तळहाताएवढा डाग तयार झाला आणि त्याच्या बरोबर मध्ये जुन्या सेन्सरची दोन स्क्रूंची भोकं.

मालकाला सरळ विचारलं, इथे भोक पाडू का? तो म्हणाला पाडा. (जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेऊ नये असं नाही, पण मी घेत नाही.) ५ मिलिमीटरचं ड्रिल, हळू. आधी पांढरा चुरा, तो फायबरचा. मग प्लाय लागलं. डागाच्या मधोमध चुरा काळपट, बोटाला चिकटणारा. चार बोटं बाजूला पाडलं तर फिकट, कोरडा, पेन्सिल तासल्यावर पडतो तसा, वासही लाकडाचा. वर, इंजिनाचे बोल्ट येतात त्या पट्ट्यात आणखी दोन भोकं पाडली. दोन्ही कोरडी. तेव्हा मेव्हणा गाडीतून उतरला.

इंजिन टांगलेलं असतं तर आणखी एक परीक्षा करता आली असती: इंजिन अर्धं वर उचलून त्याच्या पायाला धरून खालीवर जोर द्यायचा आणि नजर इंजिनावर न ठेवता फळी काठाला मिळते त्या कोपऱ्यावर ठेवायची. तिथे भेग उघडझाप करताना दिसली की नमस्कार करून निघायचं. माझ्या पहिल्या होडीने ही परीक्षा दोन सेकंदांत दिली असती.

वजन केलं, ३४० किलो. ट्रान्समवर कोरलेला बारा अक्षरांचा क्रमांकही होता. १९८४ नंतरच्या अमेरिकी पद्धतीच्या क्रमांकात शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात, आणि ते मालकाच्या कागदांशी जुळत होते. वायरिंगचं विचारू नका, इन्सुलेशन सोललं तर आतलं तांबं काळं पडलेलं. ते सगळं काढून टाकायचंच होतं. होडी घेतली. मिस्त्रींनी कुजलेला तुकडा कोरून नवीन प्लाय आणि इपॉक्सीने भरला आणि मला बजावलं, यापुढे या फळीत एकही स्क्रू मारायचा असेल तर आधी मला फोन.

आता घोडे.

सगळ्यात आधी टेप. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून, मधोमध, तळापर्यंत. इंजिनाच्या पायाची लांबी या मापावर ठरते: १५ इंच म्हणजे शॉर्ट, २० इंच लाँग, २५ एक्स्ट्रा लाँग. आमचं माप २० भरलं. पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, वर जी आडवी पट्टी असते ती साधारण तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. शॉर्ट लावलं तर वळताना पंखा हवा गिळतो आणि इंजिन किंचाळतं. फार लांब लावलं तर पाय पाण्यात ओढत राहतो आणि मागे कारंजं उडतं. इतकी साधी गोष्ट, तरी आम्ही पाहिलेल्या होड्यांपैकी एका होडीच्या २० इंची ट्रान्समवर १५ चं इंजिन होतं, आणि विकणारा म्हणत होता वळताना थोडी सांभाळून घ्या.

मग वजन. मेव्हण्याला टू-स्ट्रोक हवं होतं. त्याचं म्हणणं खोटं नाही. ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक साधारण ७० ते ८० किलोंचं, फोर-स्ट्रोक ९५ ते १०५ च्या आसपास. टू-स्ट्रोक उघडायला सोपं, व्हॉल्व्ह नाहीत, बेल्ट नाही, आणि थ्रॉटल दिला की मागून लाथ मारल्यासारखं निघतं. माझं म्हणणं असं की कार्ब्युरेटरवालं टू-स्ट्रोक जवळजवळ पाव इंधन न जाळताच धुरासोबत बाहेर टाकतं. एका लिटरला २० मिली तेल, म्हणजे ५० ला १, २५ लिटरच्या टाकीत अर्धा लिटर तेल दर वेळी मोजून घालायचं. घालायला विसरलो तर पिस्टन विसरत नाही. शिवाय २०२० मध्ये एव्हिनरूड या टू-स्ट्रोकवाल्या कंपनीचं उत्पादनच थांबलं, तेव्हापासून नवी टू-स्ट्रोक मिळणं आणखी आकसलं आहे. जुन्या इंजिनाचे भाग मिळतात, पण आणखी पंधरा वर्षं मिळतील का, हा हिशेब मला करावाच लागतो.

पण वजनाचा प्रश्न खरा होता. आमच्या होडीसारख्या जुन्या होड्या ज्या काळात आखल्या गेल्या तेव्हा मागे हलकं टू-स्ट्रोकच असायचं. पंचवीस-तीस किलो जास्त टांगले की बूड खाली बसतं आणि तळव्यावरचं पाणी बाहेर काढायची भोकं स्वतःच पाण्याखाली जातात. मग पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. हे अंदाजाने ठरवायचं नव्हतं. २० लिटरचे पाच कॅन पाण्याने भरले, १०० किलो, आणि ट्रान्समला टेकवून दोरीने आवळले. होडी धक्क्यापाशी पाण्यात लोटली. मी आणि मेव्हणा मागच्या फळकुटावर बसलो, तिसऱ्याच्या जागी आणखी तीन कॅन, आणि भोकांकडे बघत बसलो. इंजिन फळीच्या मागे लोंबतं, त्यामुळे त्याचा भार कॅनपेक्षा थोडा जास्तच पडणार, हे धरून. भोकं पाण्यापासून चार बोटं वर राहिली. अर्धा तास बसलो. येणारेजाणारे थांबून विचारत होते की दोघं कॅन घेऊन निघालात कुठे.

म्हणजे १०० किलो चालणार होते. किती हॉर्सपॉवर हा प्रश्न तिथेच अर्धा सुटला, पण मेव्हणा ६० वर अडून होता. सूत्राने होडीला मुभा बरीच होती: १६ बाय साडेपाच म्हणजे ८८, चाकाचं स्टिअरिंग घेतलं तर ९० पर्यंत, हँडल ठेवलं तर ५०. (आकड्यांमधला हा फरक मला आवडतो. हँडल धरणारा माणूस मागे बसतो, बूड दाबतो, आणि जोराचा झटका आला तर हातात फक्त एक दांडी.) आम्हाला हँडलच हवं होतं, मधे चाकाचा खांब नको, मासा आला की पाय ठेवायला जागा हवी.

तरी ६० ने किती फरक पडला असता ते मी त्याला वहीत करून दाखवलं. क्राउच नावाचं जुनं सूत्र आहे: एका हॉर्सपॉवरला किती पौंड ओढायचे ते काढा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि एका स्थिरांकाला त्याने भागा. आमच्यासारख्या साध्या होडीला स्थिरांक १५० धरतात, उत्तर ताशी मैलांत येतं. होडी ३४०, इंजिन ९८, इंधन १९, तीन माणसं २१०, नांगर-दोर-बर्फ-सामान ६०. बेरीज ७२७ किलो, म्हणजे सुमारे १,६०० पौंड. ४० हॉर्सपॉवरला दर घोड्यामागे ४० पौंड, वेग ताशी ३८ किलोमीटर. ६० ला, जास्तीचं वजन सोडून दिलं तरी, ४७ च्या खाली. दीडपट ताकद घालून सव्वापटही वेग नाही. आणि पूर्ण थ्रॉटलला ४० चं फोर-स्ट्रोक तासाला साधारण १५ लिटर पितं, ६० चं २२-२३. आम्ही टाकीचे तीन भाग करतो, एक जायला, एक यायला, एक शिल्लक. २५ लिटरच्या टाकीत जायला ८ लिटर येतात.

"पण दाजी, वारा चढला तर पळायला नको का?" त्याने शेवटचा बाण काढला. वारा चढल्यावर त्या आखूड लाटांवर ताशी २० ने तरी पळता येतं का, हे त्यालाच विचारलं. तो गप्प बसला. गेल्या वर्षी त्याचा दात तसाच हलला होता.

वापरलेली इंजिनं बघताना मात्र तोच माझ्यापुढे होता. पोचल्या पोचल्या तो झाकणावर हात ठेवतो. गरम लागलं की मालक आधीच चालू करून बसलाय, गार इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं हे लपवलंय. खालच्या गिअरबॉक्सचा तळाचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून चार थेंब बोटावर घ्यायचे. दुधाळ आले तर आत पाणी, चमकी दिसली तर आत दात झिजतायत. पंखा काढून मागे बघायचं. मासेमारीच्या इंजिनांत तिथे हमखास गळाची नायलॉन दोरी गुंडाळलेली सापडते, ती वितळून सील कापते आणि पाण्याला रस्ता मिळतो. एका टू-स्ट्रोकचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते माप, घेतलं तर तीन सिलिंडरांत १२५, १२०, ९०. आकडा किती यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का ते बघायचं, दहा-पंधरा टक्क्यांच्या आत. तिसरं गेलेलं होतं. एक जॉन्सन कंपनीचं इंजिन '१९९८ चं' म्हणून दाखवलं. त्या घराण्याच्या १९८० नंतरच्या इंजिनांवर 'इंट्रोड्युसेस' या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरं १ ते ९ आणि ० यांच्या जागी वापरून वर्ष लिहितात. पाटीवर 'सी-सी' होतं. १९९८ असतं तर 'ई-सी' हवं. म्हणजे १९८८. मेव्हण्याने बोटांवर मोजलं आणि मालकाला नुसतं विचारलं, "दहा वर्षं कुठं गेली?"

शेवटी मिळालं ते ४० हॉर्सपॉवरचं तीन सिलिंडरचं फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवालं, लाँग. मालक मोठी होडी घेत होता. इंजिन त्याच्याच होडीवर होतं, त्यामुळे पाण्यात भार देऊन चालवून बघता आलं. पिंपात चालवलेल्या इंजिनाचा मला भरवसा नाही, तिथे कोणीही गातं. मेकॅनिकने लॅपटॉप जोडून तास काढले, ४१२, आणि कोणत्या फेऱ्यांवर किती तास चाललं तेही. बहुतेक वेळ मंद, गळ टाकण्याच्या चालीवर. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ, पेट्रोलचा वास नाही. इंजिन थंड ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक होती. मालकाने प्रामाणिकपणे सांगितलं, इम्पेलर, म्हणजे ते पाणी ओढणारं रबरी चाक, तीन वर्षं बदललेला नाही. बदलला. जुन्याची दोन पाती वाकून तशीच कडक झाली होती.

बसवून पाण्यात उतरवलं तेव्हा दोघं असताना सगळं छान. तिघं आणि पूर्ण सामान घेऊन थ्रॉटल पूर्ण उघडला तर इंजिन ४,९०० फेऱ्यांवर अडकलं. पुस्तकात ५,००० ते ६,००० लिहिलंय. म्हणजे चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी. सोबत आलेला पंखा १३ पिचचा होता, एका फेऱ्यात कागदोपत्री १३ इंच पुढे जाणारा. आधीच्या मालकाच्या हलक्या होडीला तो बरोबर होता. पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. ११ चा आणला. ५,३५० झाले, होडी निम्म्या वेळात उचलली आणि मागे बसलेल्याला समोरचं दिसायला लागलं. गिअर २ ला १, म्हणजे पंखा मिनिटाला २,६७५ वेळा फिरतो, दर फेऱ्याला २८ सेंटिमीटर. पाणी काही लाकूड नव्हे, पंधरा टक्के घसरण धरली तर ताशी ३८ किलोमीटर. जीपीएसवर ३७ आले. मी वहीचं पान मेव्हण्यापुढे धरलं. त्याने पाण्याकडे बघत "हं" केलं, पण मला ते पुरलं.

१३ चा पंखा सीटखाली पडलाय. मेव्हण्याचं म्हणणं, दोघंच असू तेव्हा तोच लावावा, इंजिन शांत चालेल आणि पेट्रोलही वाचेल. बहुधा त्याचं बरोबर आहे. येत्या रविवारी तिसरा येत नाहीये. नटाची नवी स्प्लिट पिन तेवढी आणायला सांगितलीय त्याला, जुनी काढताना तुटली.